घरच्या मेल सर्व्हरची वाट मोकळी करा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

स्वतःच्या डोमेनचा ईमेल घरातल्याच संगणकावर ठेवणे आज फारसे अवघड राहिलेले नाही. पोस्टफिक्स आणि डोव्हकॉट ही मुक्त सॉफ्टवेअर जुन्या संगणकावरही उत्तम चालतात. वीज गेली तर टपाल हरवेल, ही भीतीही अनाठायी आहे, कारण पाठवणाऱ्या सर्व्हरने निदान ४-५ दिवस पुन्हापुन्हा प्रयत्न करावा, असे ईमेलच्या प्रमाण नियमांतच सांगितले आहे. खरी अडचण आहे ती इंटरनेट जोडणीची.

अनेक घरगुती जोडण्यांत बऱ्याच ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक आयपी पत्ता (इंटरनेटवरचा आकडी पत्ता) असतो, त्यामुळे बाहेरचे टपाल घरापर्यंत पोहोचूच शकत नाही. जादा पैसे भरून स्थिर पत्ता घेतला, तरी ज्या २५ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे संगणकाच्या क्रमांकित दारावर, सर्व्हर एकमेकांना टपाल देतात, त्याकडे जाणारी वाट बहुधा बंदच असते. तीही उघडून घेतली, तरी रिव्हर्स डीएनएसची, म्हणजे आयपी पत्त्यावरून सर्व्हरचे नाव सांगणारी, नोंद उरते. पत्र खरोखर त्याच डोमेनचे आहे हे पटवणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या नोंदी ग्राहक आपल्या डोमेनवर स्वतः करू शकतो. रिव्हर्स डीएनएसची नोंद मात्र आयपी पत्ता ज्या कंपनीचा, तिच्याच हाती असते आणि ती नसेल तर समोरचा सर्व्हर अनेकदा ५५० हा नकाराचा आकडा देऊन पत्र दारातूनच परत करतो. फेब्रुवारी २०२४ पासून गूगलने जीमेलला टपाल पाठवणाऱ्या सर्वांनाच ती आवश्यक केली आहे. मी माझ्या इंटरनेट कंपनीकडे ही नोंद मागितली, तेव्हा ‘घरगुती प्लॅनमध्ये बसत नाही, बिझनेस प्लॅन घ्या’, एवढेच उत्तर मिळाले.

विषाणू शिरलेल्या घरगुती संगणकांतून स्पॅमचा पूर येत असे, म्हणून हे पोर्ट बंद झाले, हे मला पूर्ण मान्य आहे. ते सरसकट उघडावे, अशी माझी मागणी नाही. परंतु फ्रान्समधील ‘फ्री’ या कंपनीने ही बंदी उठवण्याची सोय ग्राहकाला त्याच्या खात्यातच दिलेली आहे. आपल्याकडे मात्र आपले टपाल पुढे पोचवणाऱ्या भाड्याच्या रिले सर्व्हरचा आधार घ्यावा लागतो, म्हणजे प्रत्येक पत्र पुन्हा परक्या यंत्रातूनच जाते.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजेच ट्रायने, यात लक्ष घालावे. स्थिर पत्त्याचे पैसे भरणाऱ्या घरगुती ग्राहकाने लेखी मागणी केल्यास पोर्ट उघडून रिव्हर्स डीएनएसची नोंद करून देणे कंपन्यांना बंधनकारक असावे. गैरवापर आढळल्यास त्या जोडणीपुरते पोर्ट तत्काळ बंद करण्याचा अधिकार त्यांच्याकडे जरूर राहू द्यावा.

आपला,
एक वाचक, सातारा