वॉर्डाचं छत कुणी बघितलंय का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पेपरात दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या नव्या हॉस्पिटलचं नाहीतर रंगरंगोटी केलेल्या शाळेचं उद्घाटन छापून येतंच. फोटो साधारण एकच असतो, काचेचा दरवाजा, गोल काउंटर, मागं सनमायकाच्या पॅनलवर अ‍ॅक्रिलिकची अक्षरं, वर पीओपीची दोन-तीन पायऱ्यांची डिझाइन आणि त्यात निळी एलईडी पट्टी, खाली शाल-नारळ. मी सांगली-मिरजेत बरीच वर्षं इंटिरियरची कामं करते, क्लिनिक, लॅब, नर्सिंग होम, क्लासेस, थोड्याफार शाळा. त्यामुळं त्या फोटोतल्या प्रत्येक वस्तूला खर्च किती आला असेल ते मला बघताबघता कळतं आणि तिथंच माझी तक्रार आहे. सगळा पैसा दारातून आत येणाऱ्या उभ्या माणसाला दिसणाऱ्या पहिल्या दहा-बारा फुटांवर लागतो. आत जो आडवा पडलाय, बाहेर जो बाकावर रात्र काढतोय, वर्गात जी पोरं पाच-सहा तास बसतात, त्यांच्या वाट्याला उरलंसुरलं.

क्लायंटचं म्हणणं अगदीच चुकीचं असतं असं नाही. "मॅडम, एन्ट्री भारी दिसली पाहिजे, लोक एन्ट्री बघून डॉक्टर ठरवतात," असं मला किती जणांनी ऐकवलंय आणि ते खरंही आहे, लोक ठरवतात. पण बजेटमधला मोठा हिस्सा एन्ट्रीत गेल्यावर वॉर्डात काय होतं तर उरलेली टाइल, उरलेला रंग आणि दोन बाय दोनचा पांढराफेक एलईडी पॅनल बरोबर खाटेच्या वर, पेशंटच्या डोळ्यांत. डॉक्टर येतात ते उभे, नर्स उभी, मालक उभा, त्यांना तो लाइट कधीच त्रास देत नाही. स्ट्रेचरवरनं ओटीकडं, म्हणजे ऑपरेशन थिएटरकडं नेताना माणसाला फक्त छत दिसतं, एकामागं एक पॅनल डोळ्यांवरनं जातात, मधे एखादा ओल आलेला डाग, एखादी लोंबणारी वायर. सगळ्यात घाबरलेल्या वेळी तो हे बघत असतो.

हे काही मी नवीन सांगत नाही हो. फिनलंडमध्ये पायमिओ गावाजवळ १९३३ साली टीबीचं एक सॅनिटोरियम सुरू झालं, आर्किटेक्ट अल्वर आल्टो. त्याचं म्हणणं असं की आपण खोल्या उभ्या माणसासाठी बांधतो पण इथला माणूस महिनोन् महिने आडवा असणार, तर खोली त्याच्या हिशोबानं पाहिजे. म्हणून छताला शांत हिरवट रंग, दिवा डोक्याच्या मागं म्हणजे नजरेत येणार नाही असा, आणि दोघांची खोली म्हणून बेसिनचा उतार असा काढला की पाणी पडताना आवाज होऊ नये, शेजारचा जागा होऊ नये. नव्वद वर्षं होऊन गेली या गोष्टीला. आमच्याकडंही वॉन्लेसवाडीत टीबीचं सॅनिटोरियम होतं, गावाबाहेर, मोकळ्या हवेत, त्या काळच्या लोकांना हवा-उजेड हे औषधातच धरायची सवय होती. मग स्प्लिट एसी आला आणि आपण ते सगळं विसरलो.

एसीचं तर वेगळंच प्रकरण आहे. लोकांना वाटतं एसी लावला म्हणजे हवा खेळती झाली. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, आतलीच गार करून परत सोडतो, म्हणजे ओपीडीच्या वेटिंगमध्ये चाळीस माणसं खोकत बसलीत, काच सीलबंद आहे, आणि सगळे एकमेकांचा श्वास गार करून घेतायत. पेरूची राजधानी लिमा, तिथल्या आठ हॉस्पिटलांत संशोधकांनी मोजमाप घेतलं होतं, २००७ साली छापून आलं. तासाला खोलीतली हवा किती वेळा बदलते ते बघितलं. १९५० च्या आधीच्या जुन्या, उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या खोल्यांत खिडक्या उघडल्यावर ४० वेळा, नंतरच्या नव्या बांधणीच्या खोल्यांत १७ वेळा, आणि मशीननं हवा खेळवायच्या खोल्यांसाठी धरलेला आकडा होता १२. म्हणजे जुनं बांधकाम जिंकलं, वीज न खाता. आणि आपण काय करतो तर बारा फुटांचं जुनं छत साडेआठ फुटांवर फॉल्स सीलिंग टाकून बुजवतो, वरचे झरोके त्याच्या आड जातात, मग कोंदट वाटतं म्हणून अजून एक एसी. माझ्याकडं असं काम आलं की मी आधी झरोका दाखवते, मग भांडण होतं, कधी मी जिंकते कधी पीओपीवाला. ओटी, आयसीयूचं गणित वेगळं, तिथं फिल्टरची हवा लागते, ते त्यातल्या जाणकारांनीच करावं, मी वेटिंग आणि साध्या वॉर्डाबद्दल बोलतेय.

खिडकीबद्दल अजून एक. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या एका हॉस्पिटलात पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या पेशंटांचे १९७२ ते १९८१ चे जुने कागद रॉजर उलरिच नावाच्या संशोधकानं तपासले, १९८४ साली छापले. २३ जणांना खिडकीतनं झाडं दिसत होती, त्यांच्याशी वय वगैरे जुळणाऱ्या दुसऱ्या २३ जणांना समोर विटांची भिंत. झाडंवाले सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंतवाले ८.७० दिवसांत, आणि झाडंवाल्यांना वेदनेची जड औषधं कमी लागली. आकडे लहान आहेत, ४६ माणसांवर जग फिरवायचं नाही हे मलाही कळतं. पण खाट खिडकीकडं तोंड करून ठेवायला पैसे लागतात का? प्लॅनमध्ये खाट नव्वद अंशात फिरवायची, ऑक्सिजनची लाइन त्याप्रमाणं आधी ठरवायची, झालं. ते ड्रॉइंगच्या वेळीच करावं लागतं मात्र, नंतर कुणी पाइप हलवत नाही.

आवाज. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं रात्री वॉर्डात आवाज सरासरी ३० डेसिबलच्या वर नको, म्हणजे कुजबुजीएवढा. आपला कायदा हॉस्पिटलभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र म्हणतो, रात्री ४० डेसिबल. बाहेर डीजे वाजला की आपण पेपरात लिहितो, लिहायलाच पाहिजे, पण आतलं काय? खाली व्हिट्रिफाइड टाइल, भिंतीला अर्ध्या उंचीपर्यंत टाइल, वर पीओपी, सगळं कडक, आवाज शोषणारं काहीच नाही, त्यात लोखंडी स्टूल ओढलं की अख्खा मजला जागा. स्टुलाच्या पायाला रबरी बूट, ट्रॉलीची चाकं वेळेवर बदलणं, पीओपीच्या जागी आवाज शोषणाऱ्या आणि पुसता येणाऱ्या मिनरल फायबरच्या टाइल्स, दार आपटू नये म्हणून डोअर क्लोजर. यातलं काहीच फोटोत येत नाही, म्हणून एस्टिमेटमधनं पहिलं तेच कापलं जातं.

टॉयलेटचं थोडक्यात सांगते, दार बाहेर उघडणारं पाहिजे. पेशंट आत चक्कर येऊन दारावरच पडला तर आत उघडणारं दार कसं उघडणार? भिंतीला दांडा, खाली अ‍ॅन्टीस्किड टाइल, दाराची रुंदी व्हीलचेअर जाईल एवढी. दिव्यांगांसाठी २०१६ चा कायदा आहे, सुगम्यतेचे सरकारी नियमही आहेत, पण साइटवर ते वाचलेला माणूस मला क्वचितच भेटतो.

पाट्यांचं आमच्याकडं खास दुखणं आहे. मिरजेला वैद्यकीय पंढरी म्हणतात, अथणी, जमखंडी, विजापूरकडनं रोज पेशंट येतात, आणि पाट्या कशा तर स्टीलच्या अक्षरांत इंग्रजी, रेडिओलॉजी, फिजिओथेरपी, बिलिंग. ज्याला कन्नडच वाचता येतं त्यानं काय करायचं, तो वॉचमनला विचारतो, वॉचमन हात कुठंतरी वर करतो. जमिनीवर रंगाच्या पट्ट्या ओढा, लाल एक्स-रेला, हिरवी औषधाला, मराठी आणि कन्नड मोठ्या अक्षरात लिहा, चित्र काढा. स्टीलपेक्षा स्वस्त पडतं.

आणि नातेवाईक. आपल्याकडं पेशंटबरोबर अर्धं घर येतं हे माहीत असून प्लॅनमध्ये त्या घराला जागाच नसते. पाठ टेकता न येणारी तीन सीटची लोखंडी खुर्ची, मधे हात असल्यामुळं आडवंही होता येत नाही, डबा ठेवायचा कुठं, चार्जर लावायचा कुठं, बायकांनी साडी बदलायची कुठं. मुंबईत कॅन्सरच्या पेशंटांना आणि त्यांच्या माणसांना दादरला गाडगे महाराजांच्या नावाच्या धर्मशाळेनं आधार दिला, त्या परंपरेतले आपण. तिकडं ब्रिटनमध्ये मॅगी केसविक जेंक्स नावाच्या बाईंना १९९३ साली डॉक्टरांनी कॅन्सर उलटल्याचं सांगितलं आणि लगेच बिनखिडकीच्या बोळात बसायला लावलं, कारण पुढचा पेशंट थांबला होता. त्यातनं त्यांनी हॉस्पिटलच्या आवारातच वेगळं घर असावं ही कल्पना काढली, पहिलं १९९६ साली एडिनबराला उघडलं, त्या आधीच्या वर्षीच गेल्या. तिथं रिसेप्शनचा काउंटर नसतो, आत गेल्यावर स्वयंपाकघराचं मोठं टेबल, स्वतः चहा करून घ्यायचा आणि बसायचं, रडायचं असेल तर रडायचं. आपल्या तालुक्याच्या नर्सिंग होमला एवढं जमणार नाही, पण वाईट बातमी सांगायला एक आठ बाय आठची दार लागणारी खोली, दोन खुर्च्या आणि पाण्याचा जग? आत्ता ती बातमी बोळात सांगतात, लिफ्टची वाट बघणाऱ्या लोकांसमोर.

शाळांबद्दल लिहिताना जरा जपून लिहिते कारण जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी स्वतःच्या खिशातनं आणि लोकवर्गणीतनं शाळा रंगवल्यात, बोलक्या भिंती केल्यात, रेल्वेचे डबे केलेत, त्यामागची तळमळ खोटी नाही. बाहेरनं रेल्वेचा डबा करा, पोरं पळत येतात. पण आत चारी भिंतींवर छतापर्यंत पाढे, फळं, प्राणी, नकाशे, महापुरुष, सुविचार, वरनं पताका. अमेरिकेत कार्नेगी मेलनच्या संशोधकांनी २०१४ साली बालवाडीच्या २४ मुलांवर प्रयोग छापला, तेच धडे कधी सजवलेल्या वर्गात कधी साध्या वर्गात. सजवलेल्या वर्गात मुलांचं लक्ष ३८.६ टक्के वेळ भरकटलेलं, साध्यात २८.४ टक्के, आणि चाचणीत सजवलेल्यात ४२ टक्के उत्तरं बरोबर, साध्यात ५५. लहानच प्रयोग आहे, तरी फळ्याच्या भिंतीवर तरी काही रंगवू नका एवढं त्यातनं घेता येतं. ज्या बाला (इमारतच शिकवायचं साधन करायची कल्पना) उपक्रमाचं नाव घेऊन आपण भिंती रंगवतो, तो विन्यास संस्थेनं युनिसेफच्या मदतीनं उभा केला, त्यात रंगकामापेक्षा हाताला लागणाऱ्या गोष्टी जास्त आहेत, दार उघडतं तिथं फरशीवर कोन आखायचे, खिडकीच्या गजांना बोट फिरवून अक्षरांची वळणं गिरवता येतील असा आकार द्यायचा, मुलांच्या उंचीला त्यांचा स्वतःचा फळा. आपण त्यातलं सोपं तेवढं घेतलं, ऑइलपेंट. आणि तक्ते लावतो सात फुटांवर, पहिलीचं पोरगं साडेतीन फुटांचं.

रंगापेक्षा पोरांना पत्र्याचा त्रास जास्त आहे. पत्र्याच्या वर्गात पावसात बाईंचा आवाज दुसऱ्या ओळीच्या पुढं जात नाही आणि एप्रिलमध्ये आत भट्टी. पत्र्यावर वरनं पांढरा उष्णता परतवणारा रंग, खाली इन्सुलेशनची शीट, ही कामं सुंदर शाळेच्या स्पर्धेत मार्क मिळवून देतात का मला माहीत नाही, द्यायला हवीत. तसंच स्मार्ट बोर्ड. बोर्डवर उजेड पडतो म्हणून खिडक्यांना गडद पडदे लावून टाकतात, मग दिवसा ट्यूबलाइट. बोर्ड खिडकीच्या समोरच्या भिंतीला लावूच नये, खिडकीच्या भिंतीला काटकोनात असलेल्या भिंतीला लावावा, उजेड मुलांच्या डावीकडनं यावा, बहुतेक मुलं उजव्या हातानं लिहितात म्हणजे वहीवर सावली पडत नाही. आमच्या आजोबांच्या शाळेत हे पाळलेलं होतं.

शेवटी अभ्यासिका, यावर कुणी लिहितच नाही. पुण्यात सदाशिव पेठेत, आणि आता आमच्या सांगली-कोल्हापुरातही, एमपीएससीच्या पोरांसाठी तळघरात, पोटमाळ्यावर, पार्किंग अडवून अभ्यासिका निघाल्यात. प्लायचे खोके, अडीच फुटांची जागा, मधला बोळ एक माणूस जेमतेम जाईल एवढा, एसी, वायफाय, सीसीटीव्ही, खिडकी शून्य. गावाकडनं पैसे मागवून पोरं तिथं दहा-दहा, बारा-बारा तास बसतात, डोकं जड होतं, झोप येते, तर त्यांना वाटतं आपलाच अभ्यास कमी पडतोय. मला अशा कामाच्या ऑफर आल्यात, शंभर सीट बसवा म्हणतात, साठ बसतील म्हटलं की दुसऱ्याकडं जातात आणि तो शंभर बसवतो. आग लागली तर काय, सगळा प्लाय आणि फोम, दार एकच. महापालिकेनं या जागांना परवानगी देताना निदान खिडकी आहे का, ती उघडते का, दुसरं दार आहे का आणि बोळ किती रुंद आहे एवढं जाग्यावर जाऊन टेप लावून बघावं. टेप माझ्याकडं आहे, बोलावलं तर येते.

कळावे,
एक इंटिरियरवाली,
विश्रामबाग, सांगली