मोबाईलवरची मोजणी मजुरीला चालेल, बांधाला नाही

संपादक साहेब, नमस्कार.

आमच्या राहुरीकडं कांदा लागवडीच्या टोळ्या एकरावर पैसे घेतात, आणि आता मुकादम टेप वगैरे काही आणत नाही, मोबाईल हातात धरून बांधाबांधानं एक चक्कर मारतो आणि गुंठे सांगतो. यात वाईट काही नाही, आमचा पण टाईम वाचतो. पण परवा माझ्या पुतण्यानं चार कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश उतरवून घेतले आणि एक्सेलमध्ये स्वतःच हिशोब केला तर एकराचं वावर जवळजवळ साडेबेचाळीस गुंठे निघालं! त्यानं दोन्हीकडं एका अंशाला 111 किलोमीटर धरले होते. अक्षांशाचं ठीक आहे, पण रेखांशातलं अंतर विषुववृत्तापासून वर येईल तसं कमी होत जातं, आपल्या भागात ते 105 किलोमीटरच भरतं. म्हणजे अडीच गुंठ्यांची मजुरी जास्तीची गेली असती.

पण खरी काळजी बांधाची आहे. गावात दोघा भाऊबंदांची मोबाईलवरची रेघ दाखवून चाललेली भांडणं मी बघितलीत, रेघ शेजारच्या उसात दोन सऱ्या आत दिसत होती एवढ्यावरून. अहो, साध्या फोनचं लोकेशन मोकळ्या आभाळाखाली सुद्धा चार-पाच मीटरनं हलतं, आंब्याखाली उभं राहिलं तर आणखी. एका दमात चक्कर मारली की ही चूक बरीचशी एकाच दिशेला पडते, अख्खं वावर नकाशावर बाजूला सरकतं, म्हणून गुंठे बऱ्यापैकी बरोबर येतात पण बांधाची जागा चुकते. गुंठा म्हणजे 33 बाय 33 फूट, आणि 5 मीटर म्हणजे 16 फूट, त्याची अर्धी बाजू झाली की!

भूमी अभिलेखवाले मोजणीला रोव्हर आणतात तो पण सॅटेलाईटवरच चालतो, पण त्याला जमिनीवर कायम बसवलेल्या स्टेशनांकडून दुरुस्ती मिळत राहते, म्हणून चूक काही सेंटीमीटरवर येते. लोकांना वाटतं दोन्ही एकच.

तुमच्या शेतीच्या पानावर हे एकदा चित्र काढून नीट छापा ही कळकळीची विनंती. त्या दोघांना मी मोजणीचा अर्ज भरायला लावलाय, मोजणीदार येईपर्यंत बांधावरचा एकही दगड हलवायचा नाही असं ठरलंय.

एक शेतकरी वाचक, ता. राहुरी