संगिनीतून धूर

प्रिय विन्या,

गुडघा तसाच, साखर आटोक्यात. इतके महिने पत्र नाही म्हणून शिव्या घाल, पण आधी हे ऐक. स्कॉटलंडमधल्या मलरॉयच्या लढाईवरच्या लेखासाठी काढलेलं चित्र आलंय. त्यात सरकारी शिपाई नळीत संगीन ठोकलेल्या बंदुकीतून गोळी झाडतोय! धूर, ठिणग्या, सगळं. संपादक म्हणतात, कोणाच्या लक्षात येणार? तुझ्या येईल, म्हणून तुलाच लिहितोय.

1688 च्या ऑगस्टमधली ती संगीन म्हणजे लाकडी मुठीचा सुरा. मूठ निमुळती, ती नळीच्या तोंडात बुचासारखी ठोकायची. ठोकली की बंदूक मुकी. तशीच झाडली तर नळी फाटायची. सैल बसली तर गळून पडते, घट्ट बसली तर ऐन वेळी निघत नाही. त्यामुळे शेवटची गोळी झाडून मूठ कधी ठोकायची, हा हिशेब चुकला की शिपाई संपला.

समोरून मॅकडोनल्ड घराण्याचे डोंगरी लोक. ते जवळ येऊन बार काढणार, बंदूक फेकणार, आणि डाव्या हाताला ढाल, उजव्यात रुंद पात्याची तलवार घेऊन अंगावर येणार. ढाल लाकडी फळ्यांच्या दोन थरांची, एकाचे रेषे आडवे तर दुसऱ्याचे उभे, वर कातडं. संगिनीचं टोक ढालीवर घ्यायचं, बाजूला सारायचं आणि मोकळ्या हाताने कापायचं.

आता तू 'ते जिंकले उतारामुळे!' म्हणून ओरडशील. उतार होताच, नाही कोण म्हणतंय? मॅकडोनल्ड वरच होते. पण डोनल्ड मॅकबेन तिथे सरकारी तुकडीत लढला, आणि तो सांगतो की दोन्हीकडून तासभर गोळीबार चालला, मग ते तलवारी घेऊन घुसले. तासभर तुझा उतार काय झोपला होता? मॅकबेनची संगीन एकाने तलवारीने नळीतून उडवली. त्याने बंदूक उलटी धरून दस्त्याने दोन हात केले आणि मग धूम ठोकली. हाच गडी पुढे तलवारबाजीचा उस्ताद झाला, 1728 मध्ये त्यावर पुस्तकही छापलं! त्याचा कॅप्टन, सडीचा केनेथ मॅकेन्झी, मात्र जिवानिशी गेला.

चित्रात जमिनीचं भांडणही कुठे नाही. केपोचच्या जमिनीची सनद मॅकिंटॉश घराण्याच्या प्रमुखाकडे, ताबा केपोचच्या मॅकडोनल्डांचा प्रमुख कोल याच्याकडे, आणि कोल खंड देईना. आपल्याकडे सातबारा एकाचा नि नांगर दुसऱ्याचा, तसंच. मॅकिंटॉशने प्रिव्ही कौन्सिल म्हणजे राजाच्या सल्लागार मंडळाकडून जाळपोळ-कत्तलीचा परवाना आणला, सरकारी तुकडी आणली, आणि स्वतःच कैद झाला. मॅकफर्सन घराण्याचे लोक धावून आले म्हणून सुटला. नंतर सरकारने शिपाई धाडून केपोचची घरंदारं, पिकं जाळली. घराण्या-घराण्यांतली शेवटची मोठी लढाई म्हणतात ती हीच.

पुढच्याच वर्षी, 27 जुलै 1689 ला, किलिक्रँकीला जनरल मॅकेच्या सरकारी फौजेची हीच गत झाली. संगिनी ठोकेपर्यंत डोंगरी लोक अंगावर. मग मॅकेने नळीबाहेर कड्यांनी बसणारी संगीन आणली: लावा आणि झाडाही. चित्रकाराने बहुधा तिचंच झाडणं 1688 च्या संगिनीला चिकटवलं.

तेव्हा शनिवारपर्यंत मूठ नळीत बसलेली, बाजूने दिसणारी आकृती काढून पाठव. ढालीचा पट्टा कोपराजवळ दाखव. धूर नको.

वहिनींना नमस्कार. मुलीच्या लग्नाची तारीख ठरली म्हणे. पत्रिका दुसऱ्याच्या व्हॉट्सॲपवर पाहायला लावू नकोस.

तुझा,
बाळ्या