ट्रॉली जोडण्याआधी ब्रेकचा हिशेब करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गळीत हंगाम तोंडावर आला की गावोगावी ऊसतोडणी-वाहतुकीचे करार सुरू होतात. वाहनमालकाला पहिला प्रश्न ठरलेला असतो : ट्रॅक्टर किती हॉर्सपॉवरचा? पन्नासच्या पुढचा असला की डबल ट्रॉली, त्याखालचा असला की सिंगल. जोडी ठरली. ट्रॉलीला ब्रेक आहेत का, हूक किती उंचीवर आहे, पिन कशाची आहे, दुसऱ्या ट्रॉलीचा ओढा पहिलीच्या चासीच्या कोणत्या चॅनलवर (लोखंडी पट्ट्यावर) येतो, यांतले काहीच विचारले जात नाही. शिरोळ-हातकणंगल्याच्या सपाट रस्त्यावर हे निभावून जाते. वाघबीळच्या उतारावर किंवा आजरा-चंदगडकडच्या चढउतारांवर ते निभावत नाही.

हिशेब अवघड नाही, म्हणून तो इथे मांडतो. ५० हॉर्सपॉवरच्या टू-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरचे स्वतःचे वजन साधारण २.२ टन असते. त्यातले ६५ टक्के, म्हणजे १.४ टन, मागच्या चाकांवर. या ट्रॅक्टरला ब्रेक असतात तेही मागच्याच चाकांना. कोरड्या डांबरावर टायरची पकड वजनाच्या ०.७ पट धरली, तर तो जास्तीत जास्त १ टन जोराने ओढू शकतो आणि १ टन जोरानेच थांबवू शकतो. इंजिन साठचे बसवले तरी हा आकडा हलत नाही, कारण तो इंजिनातून येत नाही, मागच्या टायरखालच्या वजनातून येतो.

आता त्यामागे चारचाकी दोन ट्रॉल्या लावू. उसासकट प्रत्येकी ९ टन, एकूण १८. ट्रॅक्टर धरून सुमारे २० टन. डांबरावर चाके लोळवायला वजनाच्या दीड टक्का, म्हणजे ०.३ टन जोर लागतो. वीसाला एक असा चढ आला की आणखी १ टन. एकूण १.३ टन हवा आणि पकड आहे १ टनाची, म्हणून चाके जागेवर फिरतात. चालक म्हणतो, ट्रॅक्टर कमी पडला. इंजिन कमी पडलेले नसते. १.३ टनाचा ओढा ताशी सात-आठ किलोमीटरने वर न्यायला पन्नासचे इंजिन पुरते. कमी पडते ते मागच्या चाकांवरचे वजन.

चढावर फार तर गाडी अडते. खरा धोका उतारावर आहे. ट्रॉल्यांना ब्रेक नसतील, तर २० टनांची ही सगळी रांग ट्रॅक्टरच्या त्या १ टनाच्या ब्रेकवर थांबवायची असते. ताशी २० किलोमीटर वेगाने सपाट कोरड्या रस्त्यावर ती थांबायला सुमारे २४ मीटर लागतात. एकट्या ट्रॅक्टरला चार मीटरही पुरतात. वीसाला एक उतार असेल तर १ टनाचा ब्रेक जवळजवळ सगळा उताराचा ढकल अडवण्यातच खर्च होतो, उरते ती चाकांची लोळण तेवढी, आणि थांबायला शंभर मीटरच्या वर जावे लागते. चालकाला कळून पाय पडेपर्यंत गेलेले पाच-सहा मीटर यात धरलेले नाहीत. उतार शंभराला सात असेल तर गाडी थांबतच नाही, वेग वाढत जातो. आणि हे सगळे कोरड्या रस्त्यावरचे. फडातून आलेल्या टायरांचा चिखल, सांडलेले पाचट, पहाटेचे दव यांनी पकड ०.७ वरून ०.४ वर आली, तर वीसाला एक या साध्या उतारावरसुद्धा ती थांबत नाही.

त्याच दोन्ही ट्रॉल्यांना ब्रेक असतील आणि ते ट्रॉलीच्या वजनाच्या फक्त चौथाई जोराने धरत असतील, तरी सपाटीवर तीच रांग सहा मीटरच्या आत थांबते. चोवीस आणि सहा यांतला फरक म्हणजे समोरून येणारी दुचाकी, शाळेतून सुटलेली पोरे. एवढी मोठी गोष्ट करारात नाही याचे वाईट वाटते.

ट्रॉलीच्या ब्रेकचा परवडणारा प्रकार म्हणजे ओव्हररन ब्रेक. ट्रॅक्टर मंदावला की ट्रॉली पुढे रेटते, त्या रेट्याने दांडीतला सरकता दांडा मागे जातो आणि सळीने ड्रमचे शू उघडतात. याच्या दोन अडचणी आधीच माहीत असाव्यात. मागे घेताना ब्रेक आपोआप लागतो, म्हणून रिव्हर्सचा खटका हवा आणि तो पुढे निघताना सोडायला हवा. बरेच जण तो कायमचा तारेने बांधून टाकतात. मग ब्रेक असून नसल्यासारखा. दुसरी अडचण लांब उताराची. दांडा सतत रेटलेला राहतो, ड्रम तापतो आणि शूची पकड जाते. म्हणून लांब उतारावर भार इंजिनावरच ठेवायचा, ब्रेकवर नाही. ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचे, आणि गिअर उतार सुरू होण्याआधी टाकायचा. उतारावर क्लच दाबून किंवा न्यूट्रलमध्ये डिझेल वाचवणे म्हणजे हातातला एकमेव भरवशाचा ब्रेक सोडून देणे. हवेचे किंवा हायड्रॉलिक ब्रेक अधिक चांगले, पण त्यासाठी ट्रॅक्टरवर तशी सोय लागते. कोणताही प्रकार असो, एकाच ट्रॉलीला बसवायचा असेल तर मागच्या ट्रॉलीला बसवावा. पुढची धरली आणि मागची मोकळी राहिली, तर मागची पुढचीला वळणावर आडवी ढकलते.

ट्रॅक्टरचे ब्रेक पेडल दोन असतात, डावे आणि उजवे. शेतात तासाच्या टोकाला वळताना एकच चाक धरता यावे म्हणून ते वेगळे ठेवलेले असतात. रस्त्यावर येताच दोन्ही पेडल खटक्याने जोडायलाच हवीत. खटका मोडलेला किंवा वर टाकलेला असेल आणि घाईत पाय एकाच पेडलवर पडला, तर ट्रॅक्टर एका बाजूला ओढला जातो, मागून ट्रॉली रेटत येते आणि कात्रीसारखी घडी पडते. खटका दुरुस्त करायला येणारा खर्च नगण्य आहे.

दोनचाकी ट्रॉलीचा हिशेब वेगळा. तिचा काही भार हूकवर येतो आणि तो थोडा यायलाही हवा. त्याने मागच्या चाकांची पकड वाढते, ओढणे आणि थांबवणे दोन्ही सुधारते. पण हूक मागच्या ॲक्सलच्या मागे असतो, त्यामुळे हा भार तराजूसारखा पुढचा भाग उचलतो. आकडे असे : पुढच्या चाकांवर सुरुवातीला ७७० किलो. ॲक्सलच्या मागे ७० सेंटिमीटरवरच्या हूकवर ५०० किलो आले, तर पुढच्या-मागच्या ॲक्सलमध्ये २ मीटर अंतर असलेल्या ट्रॅक्टरचे पुढचे वजन १७५ किलोंनी घटते. ओढताना हूक ६० सेंटिमीटर उंचीवर असेल आणि ओढा १ टनाचा असेल, तर आणखी ३०० जातात. उरले २९५ किलो. स्टीअरिंग धड लागायला पुढे ट्रॅक्टरच्या वजनाच्या किमान २० टक्के, म्हणजे ४४० किलो हवेत. पुढच्या ॲक्सलच्या ६० सेंटिमीटर पुढे ११० किलोंची वजने टाकली की तराजूच्या न्यायाने १४३ किलोंचा उपयोग होतो आणि गणित जमते. हूक ८० सेंटिमीटरवर नेला तर मात्र पुढे १९५ किलोच उरतात, आणि चढावर क्लच झटक्यात सोडताच ट्रॅक्टर पुढून उठतो. ट्रॉलीची दांडी उंच पडते म्हणून हूक वर घेण्याची पद्धत आहे. ती घातक आहे. दांडी कापून खाली घ्यावी, हूक वर नेऊ नये. आणि ट्रॉली अवजारे जोडायच्या वरच्या लिंकच्या जागी कधीही अडकवू नये; मागच्या ॲक्सलच्या मध्यापेक्षा वरून ओढले की ट्रॅक्टर मागे उलटू शकतो.

ऊस भरतानाही हे सांभाळावे लागते. दोनचाकी ट्रॉलीत मोळ्या मागे जास्त रचल्या, की दांडी वर उचलली जाते, हूकवर उलटा ताण येतो आणि ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवरचे वजन कमी होते, म्हणजे ब्रेकही तेवढाच जातो. डबल ट्रॉलीत जड ट्रॉली नेहमी पुढे. मागची जड असली तर सरळ रस्त्यावरसुद्धा ती शेपटीसारखी हलायला लागते, आणि वेग वाढला की तो झोका वाढत जातो. अशा वेळी ट्रॅक्टरचा ब्रेक जोरात मारू नये. थ्रॉटल हळूहळू कमी करावा.

महामार्गावरून शिरोली-कागलकडे धावणारे कंटेनरचे ट्रेलर पाहिले की हाच विचार वेगळ्या रूपात दिसतो. त्यांचा जोड गाडीच्या मागे लोंबत नाही. पुढच्या गाडीच्या मागच्या चाकांवर ग्रीस लावलेली तबकडी असते, तिला फिफ्थ व्हील म्हणतात; ट्रेलरची ५० मिलिमीटर जाडीची किंगपिन तिच्यात अडकते. भार थेट ॲक्सलवर किंवा किंचित पुढे येतो, म्हणून पुढची चाके हलकी होत नाहीत. अमेरिकेत पिकअपच्या हौद्यात असाच जोड बसवून मोठे ट्रेलर ओढतात. तिथे ट्रेलरच्या वजनाचा १५ ते २५ टक्के भाग पिनवर येतो, आणि जाणकार ओढण्याच्या क्षमतेआधी पिकअप पाठीवर किती पेलते ते बघतात, कारण बहुतेक वेळा तीच मर्यादा आधी संपते. आपल्याकडे जोड वेगळा, पण क्रम तोच हवा : आधी ॲक्सल आणि टायर किती पेलतात, मग ब्रेक किती थांबवतात, आणि हॉर्सपॉवर सर्वांत शेवटी.

पिनेबद्दल थोडे. ट्रॉली सुटण्याचे अपघात बहुधा इथूनच सुरू होतात. पिन मोडली की जवळच्या दुकानातून मिळेल तो बोल्ट किंवा सळीचा तुकडा घालून खेप पुरी केली जाते. बोल्टचे आटे नेमके कापल्या जाणाऱ्या जागी आले, तर तिथूनच तो तुटतो. साध्या लोखंडाची पिन आधी वाकते, मग खाचते. पिन ईएन-८ किंवा त्याहून चांगल्या पोलादाची, हूकच्या भोकात बसणारी आणि खाली लॉकपिन घातलेली हवी. पिन आणि दांडीच्या कडीत ढिलाई वाढली की प्रत्येक खड्ड्यात हातोड्यासारखा ठोका बसतो. कडीचे भोक लांबट दिसू लागले की भरून पुन्हा बोअर करून घ्यावे. दोन साखळ्या दांडीखालून एकमेकींना फुलीसारख्या लावाव्यात, म्हणजे पिन निसटली तरी दांडी जमिनीत रुतत नाही, साखळ्यांवर झेलली जाते.

डबल ट्रॉलीत पुढच्या ट्रॉलीची चासी स्वतःचा माल पेलून मागचीचा ओढाही वाहते. सिंगलसाठी बांधलेल्या ट्रॉलीच्या शेवटच्या आडव्या पट्टीवर नुसता हूक वेल्ड करून ती डबलमध्ये लावली, तर ती पट्टी वाकते आणि कोपऱ्यातला वेल्डचा डाग (सांधा) चिरतो. मागच्या हूकचा ओढा दोन्ही उभ्या चॅनलपर्यंत तिरक्या आधारांनी न्यायला हवा. रंगाखालची चीर दिसत नाही, म्हणून हंगामाआधी त्या जागा घासून बघाव्यात. हबचे बेअरिंग, पाट्यांचे यू-बोल्ट आणि रिमचे नट ही तपासणी तर नेहमीचीच. टायरच्या बाजूवर छापलेला भार चाकांच्या संख्येने गुणला की त्या ॲक्सलवरचे टायर किती पेलतात ते कळते. एका बाजूला नवा आणि दुसरीकडे रिमोल्ड असेल तर कमी भाराचा आकडा धरावा.

ओल्या फडातून ओढून काढताना दुसरा ट्रॅक्टर पुढे जोडतात, तेव्हा साखळी पुढच्या ॲक्सलला बांधू नये. पुढच्या चासीवरच्या हूकलाच बांधावी, आणि ताणलेल्या साखळीच्या रेषेत कोणी उभे राहू नये.

यातले बरेच काही साखर कारखान्यांच्या हातात आहे. प्रत्येक खेपेचे भरलेले आणि रिकामे वजन काट्यावर होते आणि चिठ्ठी निघते. त्या जोडीची नोंदणी-पुस्तकातली मर्यादा त्याच चिठ्ठीवर छापली, तर जास्तीचा आकडा सगळ्यांना दिसेल. वाहतुकीचे पैसे टनावर मिळतात, म्हणून भार वाढतो हे उघड आहे. मर्यादेवरच्या टनांना वाहतूक दर न देण्याचे कलम करारात घालता येते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे जादा भाराला २० हजार रुपये आणि वर प्रत्येक टनाला २ हजार रुपये दंड आहेच, पण तो रस्त्यावर पकडल्यावर. कारखान्याच्या काट्यावर रोज तोलले जाणारे वजन त्याआधीच सगळे सांगत असते.

आमची विनंती एवढीच की, उचल देण्याआधी गट ऑफिसच्या आवारात ट्रॅक्टर आणि ट्रॉल्या जोडून उभ्या कराव्यात आणि ट्रॉलीचे ब्रेक, पेडलचा खटका, हूकची उंची, पिन, साखळ्या, मागच्या हूकचे डाग आणि मागचे लाल रिफ्लेक्टर बघून मगच करारावर सही व्हावी. ब्रेक नसलेल्या ट्रॉलीला घाटरस्त्याच्या गटातली खेप देऊ नये. ब्रेक बसवायला वाहनमालकाला पैसे लागतील, तर ते उचलीतच वेगळे धरून द्यावेत आणि हंगामभर हप्त्याने कापून घ्यावेत.

आपला,
ट्रॉली बांधणीच्या व्यवसायातील एक वाचक
शिरोली (पुलाची), जि. कोल्हापूर