दादांसमोर तोच ग्लास ठेवणाऱ्या ताईंना

ताई, नमस्कार.

गेल्या रविवारी पांढरी टोपी, गळ्यात तुळशीची माळ अशा एका म्हाताऱ्या माणसाला घेऊन आम्ही नाशिकला तुमच्या वाईन चाखायच्या टेस्टिंग रूममध्ये आलो होतो. ते माझे वडील. निघताना माझा गळा दाटून आला होता, म्हणून आभार मानायचे राहून गेले.

दादा माळकरी, थेंबाला शिवलेले नाहीत. पण वाईनची द्राक्षं मात्र उमेदीची सगळी वर्षं पिकवली. 2001 साली सरकारचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, तेव्हा आमच्या निफाडकडे पुष्कळांनी शिराझ, शेनिन या वाईनच्या द्राक्षांच्या जाती लावल्या. 2008-09 च्या मंदीत माल कोणी उचलेना. लोकांनी बागांवर कुऱ्हाड चालवली; दादांनी एक तुकडा राखला. त्या मालाचं पुढे काय होतं ते एकदा डोळ्यांनी बघायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

त्यासाठी आधी एका मोठ्या ठिकाणी गेलो होतो. ‘टेस्टिंग घेणार नसतील तर यांना बाहेर बसवा,’ असं तिथे इंग्रजीत सांगितलं. दादांना इंग्रजी येत नाही, पण दाराकडे गेलेलं बोट कळतं. माझ्याआधी तेच उठले. तो राग अजून गेलेला नाही.

तुमच्याकडेही ते आधीच म्हणाले, ‘मला नको, मी माळकरी.’ तुम्ही ‘बरं बाबा’ म्हणालात आणि आमच्यासारखाच उंच दांड्याचा ग्लास पुसून, त्यात पाणी ओतून, आमच्या ओळीत त्यांच्यासमोर ठेवलात. ना हसू, ना समजावणं. पुढची प्रत्येक बाटली आधी त्यांच्याकडे वळवलीत. चार टाक्यांवर वाईन करणारी ही छोटी माणसं कोण, द्राक्षं कुठल्या गावची, सगळं त्यांच्याकडे बघून सांगितलंत. त्यांच्यामुळे मलाही कळलं की दुकानाच्या फळीवर ज्यांना जागा मिळत नाही, अशांच्या बाटल्या तुम्ही मांडून बसला आहात.

मग तुम्ही विचारलंत, ‘बाबा, शुगर किती येऊ देता?’ आणि दादा सुटलेच! खायच्या द्राक्षाला जीए, म्हणजे वाढीचं संजीवक, देऊन मणी फुगवतात, इथे मणी बारीकच हवा, रंग आणि चव सालीत असते, भुरी रोग आला तर सगळं मुसळ केरात. शेजारच्या टेबलावरची मंडळीही खुर्च्या वळवून ऐकत होती. गिऱ्हाईक खोळंबलं होतं, तरी तुम्ही त्यांना मधेच तोडलं नाहीत. पिकवणाऱ्याला असा मान देणारी माणसं आहेत, म्हणून तर बाग राखावीशी वाटते.

दादांनी निरोप दिलाय. जानेवारीच्या शेवटी तोडणी धरू, पहाटेच्या गारव्यात. ज्यांच्या बाटल्या मांडता त्यांनाही घेऊन या. जेवल्याशिवाय सोडणार नाही, आईने वांग्याचं भरीत आणि बाजरीची भाकरी आत्ताच ठरवून ठेवली आहे.

तुमचा,
निफाडचा एक द्राक्षवाल्याचा मुलगा