आमच्या सेक्स थेरपिस्ट मॅडमना मनापासून थँक्यू

मॅडम,

समोर बसून हे सगळं बोलायला गेले तर रडूच येईल म्हणून लिहितेय, आणि उघडपणे लिहितेय कारण आमच्यासारखी कितीतरी जोडपी आजही कुणाशी न बोलता गप्प सहन करत असतील.

लग्नाला एवढी वर्षं झाली तरी आमच्यात संबंध होतच नव्हते. नवरा जवळ आला की माझं अंग आपोआप आवळायचं, प्रचंड आग व्हायची. एका डॉक्टरांनी तर "टेन्शन घेऊ नका, होईल" एवढंच सांगून घरी पाठवलं होतं. तुम्ही आधी गायनॅककडून तपासून घ्यायला लावलंत, इन्फेक्शन किंवा एन्डोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढतो तो आजार) नाही ना ते बघायला, आणि मग सांगितलंत की ह्याला व्हजायनिस्मस म्हणतात, डोळ्यासमोर काही आलं की पापणी जशी मिटते तसे पेल्विक फ्लोअरचे, म्हणजे योनीभोवतीचे, स्नायू दुखण्याच्या भीतीने घट्ट होतात, इच्छा असली तरी होतात. नवरा तेव्हा शेजारीच बसला होता हे किती बरं झालं, त्याला इतकी वर्षं वाटत होतं की तोच मला आवडत नाही!

थेरपी म्हणजे काय करतील ह्याची मला धास्ती होती, पण तुमच्याकडे फक्त बोलणं, बाकी सगळं होमवर्क आमचं आम्ही घरी. आणि पहिलं होमवर्क काय तर संबंधाचा प्रयत्नच बंद! सेन्सेट फोकस, मास्टर्स आणि जॉन्सन ह्या अमेरिकन संशोधकांनी १९७० मध्ये मांडलेली पद्धत. सुरुवातीला छाती आणि खालचा भाग सोडून नुसता स्पर्श, काय जाणवतं तेवढ्याकडेच लक्ष द्यायचं, पुढे काही व्हायलाच हवं असं नाही. त्यामुळे नवऱ्याचंही टेन्शन उतरलं, ऐनवेळी त्याची ताठरता जायची तेही हळूहळू सुधारलं (त्याची शुगर आणि बीपी तुम्ही आठवणीने चेक करायला लावलंत, आम्हाला ते सुचलंच नसतं).

मग डायलेटर, म्हणजे योनीत घालायच्या लहान-मोठ्या साइजच्या गुळगुळीत कांड्या. सगळ्यात बारीक साइजपासून, भरपूर ल्युब्रिकंट लावून, श्वास सोडत, माझ्याच हाताने, आणि दुखलं की थांबायचं. घाई तुम्ही एकदाही केली नाहीत.

आता आमच्यात संबंध होतात. अजूनही एखाद्या दिवशी अंग आवळतं, तेव्हा आम्ही थांबतो आणि नुसते कुशीत पडून राहतो, पूर्वीसारखा अबोला नसतो. खूप खूप थँक्यू मॅडम, पुढच्या फॉलोअपला दोघंही येतोय, ह्यावेळी त्यालाच तुमच्याशी भरपूर बोलायचंय.