मानेला हात लावण्याआधी विचारणाऱ्या मॅडमना

मॅडम,
सप्रेम नमस्कार.

8 सप्टेंबरला जागतिक फिजिओथेरपी दिन असतो हे मला माझ्या मुलीने सांगितलं. 1951 साली याच दिवशी फिजिओथेरपिस्टांची जागतिक संघटना स्थापन झाली म्हणे. त्या दिवशी तुमच्याकडे पेढे घेऊन यावं असं आधी मनात आलं होतं. पण जे सांगायचं आहे ते पेढ्यांच्या पुड्यात मावणारं नाही. शिवाय ते माझ्यासारख्या मान धरून बसलेल्या बायकांनीही वाचावं असं वाटतं, म्हणून हे जाहीरपणे लिहिते आहे.

गेली 22 वर्षं मी कराडात घरीच ब्लाउज शिवते. लग्नसराईत अस्तराचे पाच-सहा ब्लाउज रोज हातावेगळे करावे लागतात. टीप मारताना मान खाली, हुक लावताना मान खाली, आणि हातशिलाईला तर हनुवटी छातीलाच टेकते. मान दुखते हे कुणाला सांगण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलंच नाही. आमच्या गल्लीत मान दुखत नाही अशी बाई मला माहीत नाही. झंडू बाम लावायचा, गरम पाण्याच्या पिशवीने शेकायचं आणि परत मशीनवर बसायचं, असंच चाललं होतं.

मागच्या वर्षी मात्र पाणी डोक्यावरून गेलं. मानेच्या मागून कळ निघायची ती उजव्या डोळ्याच्या मागे जाऊन थांबायची. रात्री कूस बदलायची तर डोकं दोन्ही हातांनी उचलून दुसरीकडे ठेवावं लागे. स्वतःचं डोकं असं परक्या ओझ्यासारखं उचलताना मला रडू यायचं, आणि शेजारी झोपलेल्या मुलीला ते ऐकू जाऊ नये म्हणून मी तोंडावर पदर धरायची.

तुमच्याकडे येण्याआधी माझ्या मानेला किती हात लागले! एकाने 'मान चढलीय' म्हणत, मी तयार आहे की नाही हे न बघता, हिसका देऊन ती कटकन मोडली. त्यानंतर चार दिवस मला उठता आलं नाही. एका दवाखान्यात एक्स-रे दिव्यासमोर धरून सांगितलं, "मणक्यात गॅप आलाय, मशीन बंद करा." मानेला पट्टा दिला आणि तो किती दिवस घालायचा ते काही सांगितलं नाही. मी तीन महिने घातला. त्या मशीनवर दोन मुलांच्या फिया निघतात हे त्यांना कुणी सांगायचं? 'गॅप' हा शब्द ऐकल्यापासून मी मान वळवायचीच सोडली. कुणी हाक मारली की अख्खी वळायची.

आणि मग तुम्ही. पहिल्या दिवशी अर्धा तास तुम्ही माझ्या मानेला हातही लावला नाहीत. किती वाजता दुखतं, हाताला मुंग्या येतात का, हातातून वस्तू पडतात का, ताप येतो का, वजन उतरलंय का, चालताना तोल जातो का, सगळं विचारलंत. हातांची ताकद पाहिलीत, कोपरावर छोटी हातोडी मारून पाहिलीत, एका रेषेत चालायला लावलंत. मला तेव्हा वाटलं होतं, दुखतंय मानेत आणि ही पोरगी पाय काय बघते! ही तपासणी कशासाठी असते ते आता कळतं. यातलं काही निघालं असतं तर तुम्ही मला आधी डॉक्टरांकडे पाठवणार होतात, मानेला हात लावणार नव्हतात. हे वाचणाऱ्या बायांनो, हातातली ताकद कमी झाली असेल, चालताना तोल जात असेल, किंवा पडल्या-झडल्यानंतर मान दुखायला लागली असेल, तर मालीशवाल्याकडे जाऊ नका, सरळ डॉक्टरांना दाखवा.

मग तुम्ही पडदा ओढलात आणि म्हणालात, "काकू, मानेला आणि खांद्याला हात लावावा लागेल. ब्लाउजचे वरचे दोन हुक काढावे लागतील. चालेल ना? नको वाटलं तर कधीही थांबा म्हणा." मॅडम, 22 वर्षं मी बायकांची मापं घेते. छातीला टेप लावताना बाई कशी आकसते, श्वास कसा धरते, हे माझ्या बोटांना ठाऊक आहे. माझी मान मात्र आजवर सगळ्यांनी न विचारताच धरली होती. तुमच्या त्या 'चालेल ना'ने माझे खांदे तिथेच खाली आले.

तुमचे हात कसे चालतात ते मी अजून सांगू शकते. मला उताणं झोपवून कवटीच्या खाली, जिथे केस संपतात तिथे, तुम्ही बोटांची टोकं टेकवलीत आणि नुसत्या थांबलात. दाबलं नाहीत, चोळलं नाहीत. मिनिटभराने माझं डोकं आपोआप जड होऊन तुमच्या तळव्यात उतरलं आणि डोळ्यामागची ती कळ, जी गोळीनेही हलत नव्हती, ती हळूहळू ओसरली. मग पालथं झोपवून एकेका मणक्याच्या बाजूला अंगठ्यांनी तालात हलके दाब दिलेत. आखडलेल्या मशीनचं चाक मी मोटर न लावता हाताने जरा पुढे, जरा मागे फिरवते, अगदी तसं. तुम्ही सांगितलंत की मेटलंड नावाच्या ऑस्ट्रेलियातल्या फिजिओथेरपिस्टने या दाबांच्या पायऱ्या ठरवून दिल्या आहेत. पहिल्या दोन दुखणं शांत करायच्या, तिसरी-चौथी आखडलेला सांधा मोकळा करायच्या. आणि प्रत्येक वेळी "दहापैकी किती दुखतंय?" हे विचारणं होतंच.

मी घाबरत घाबरत विचारलं होतं, "कटकन मोडणार का?" तुम्ही म्हणालात, तो आवाज हाड जागेवर बसल्याचा नसतो, सांध्यातल्या पाण्यातला वायू असतो. मानेला झटका देण्यात क्वचित का होईना, मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा व्हायचा धोका असतो, आणि माझ्या मानेला त्याची गरजच नाही. त्या दिवसापासून मी गल्लीतल्या कुणालाही मान मोडून घेऊ देत नाही.

एक्स-रेही तुम्ही शांतपणे पाहिलात. "चाळिशीनंतर असं बहुतेकांच्या मानेत दिसतं काकू, ज्यांची मान कधीच दुखली नाही त्यांच्याही. हे केसांतल्या चांदीसारखं आहे. मान वळवा, ती वळण्यासाठीच आहे." मी तीन महिने जपलेला पट्टा त्या दिवशी पिशवीत घातला तो परत काढला नाही. इतके दिवस पट्ट्यात राहून स्नायू आणखी दुबळे होतात हेही तेव्हाच कळलं. दुखण्याइतकीच मी त्या 'गॅप'ला भीत होते, आणि ती भीती तुमच्या या दोन वाक्यांनी गेली.

दुसऱ्या आठवड्यात तुम्ही मुलीला मी शिवत असतानाचा व्हिडिओ बाजूने काढायला सांगितलात. तो तुमच्या फोनवर पाहिला तेव्हा मी गप्प झाले. डोकं पार मशीनच्या पुढे लोंबत होतं. माणसाचं डोकं साडेचार-पाच किलोचं असतं, आणि ते जितकं पुढे झुकेल तितका मानेवरचा भार वाढतो, हे तुम्ही सांगितलंत. पण 'मशीन बंद करा' म्हणाला नाहीत. टेबलाच्या पायांखाली लाकडी ठोकळे लावून ते उंच करून घ्यायला सांगितलंत, सुईजवळ दिवा आणि हुक लावताना मांडीवर लोड. कटिंग जमिनीवर बसून करायचं नाही, पलंगावर फळी टाकून उभ्याने करायचं.

आणि बॉबिन, म्हणजे मशीनमधली खालच्या दोऱ्याची छोटी रीळ! मला घड्याळ लावून उठणं जमेना, तेव्हा तुम्हीच विचारलंत, "बॉबिन किती वेळाने संपते?" तेव्हापासून बॉबिन संपली की मी उठते. भिंतीला पाठ लावून हनुवटी आत घेते, पाच मोजते, सोडते, असं दहा वेळा. मग खांद्याची पाती मागे जवळ आणते. रात्री जुन्या पंचाची किनार मानेला लावून, तुम्ही शिकवलंत तशी, मान सावकाश वळवते. हा पंचाचा प्रकार मी कुणाला सांगून शिकवत नाही, तो तुमच्याकडूनच शिकावा.

चार आठवड्यांत सहा वेळा आले मी. सातवरचं दुखणं दोनवर आलं. सहाव्या दिवशी मी म्हणाले, "तुमच्या हातात जादू आहे." तुम्ही लगेच थांबवलंत. "माझ्या हाताने मिळालेला आराम थोडे दिवस टिकतो काकू, पुढचं तुमचा व्यायाम टिकवतो." दुसऱ्या कुणी मला आणखी वीस वेळा बोलावलं असतं. तुम्ही मला घरी पाठवलंत.

लग्नसराईत पुन्हा दुखलं, खोटं कशाला सांगू. एका नवरीचे सात ब्लाउज होते आणि आठवडाभर मी बॉबिन संपली तरी उठले नाही. पण यावेळी घाबरले नाही. चार दिवसांत परत जागेवर आले.

मानदुखी पुरुषांपेक्षा बायकांत जास्त असते असं तुम्ही म्हणाला होतात. तुमच्याकडच्या बाकावर बसून मी ते पाहिलंय. परीक्षेचे पेपर तपासणाऱ्या बाई, लहान मूल पाजणारी मुलगी, दिवसभर कॉम्प्युटरवर बसणारी बँकेतली. आणि आणखी एक पाहिलंय. पडद्याआड जाताना प्रत्येकजण पदर नाहीतर ओढणी घट्ट धरते. टाइट मुंढ्याचे ब्लाउज, मागे चेन असलेले ड्रेस, काय काढावं आणि काय ठेवावं हे कळत नाही. तुम्ही विचारता, तरी संकोच होतोच.

म्हणून मी सहा गाऊन शिवलेत. धुवून आटवलेलं सुती कापड आहे, फिकट निळं. पाठ उघडी, मानेशी आणि कमरेशी नाड्या, पुढून गळ्यापर्यंत बंद. मुंढा दीड इंच सैल ठेवलाय, म्हणजे हात वर करताना ओढणार नाही. दोन मोठ्या मापाचे, तीन मधले, एक लहान. नाड्या लांब आहेत, पालथं झोपल्यावर बाईला स्वतःच्या हाताने सोडता येतील. शुक्रवारी दुपारी घेऊन येते. कुठे टोचलं किंवा ओढलं तर सांगा, उसवून परत शिवीन.

तुमची,
ब्लाउजवाल्या काकू